तलावाकाठचे नगर : एकोणिसाव्या शतकातील भोपाळची वाढ

कमला पार्कच्या रस्त्याने जुन्या शहराकडे जाणाऱ्या माणसाला आपण एका धरणाच्या माथ्यावरून चाललो आहोत, याची सहसा जाणीव नसते. एका हाताला मोठ्या तलावाचे विस्तीर्ण पाणी, दुसऱ्या हाताला उतार आणि त्याच्या पायथ्याशी धाकटा तलाव. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, ते पावसाळा संपला की सातवीच्या मुलांना तेथे पायी नेत आणि एकच प्रश्न विचारीत : ‘या दोन पाण्यांपैकी वरचे पाणी कोणते?’ निम्मी मुले चुकत. कोण बरोबर आणि कोण चूक, हे गुरुजी सांगत नसत. ते मुलांना बांधाच्या दोन्ही अंगांनी पाण्यापर्यंत उतरायला लावीत आणि पावले मोजून या म्हणत. तेव्हा मोजलेला आकडा आज माझ्या स्मरणात नाही. परंतु हे शहर समजून घ्यायचे असेल तर त्याच्या पाण्यापासून आरंभ करावा लागतो, एवढे मात्र त्या दिवशी मनात बसले ते कायमचे.

या शतकाच्या आरंभी भोपाळ हे वेढ्यात सापडलेले, तटाच्या आत दबून राहिलेले एक गाव होते. शतकाच्या अखेरीस, १९०१च्या खानेसुमारीत, त्याची वस्ती सुमारे ७७ हजार भरली. तटाबाहेर नव्या वस्त्या उभ्या राहिल्या, नळाचे पाणी आले, आगगाडी आली. हे परिवर्तन कसे घडले आणि त्याची किंमत कोणी दिली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आपणा मराठी मंडळींना हा विषय अपरिचित असण्याचे कारण उघड आहे. भोपाळातील जुने रहिवासी स्वतःला अभिमानाने ‘बर्रूकाट भोपाली’ म्हणवतात. बर्रू म्हणजे येथे माजणारे उंच रानगवत. ते कापून ज्यांच्या पूर्वजांनी घरे बांधली, ते खरे भोपाळी. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाडवडिलांनी बर्रू कापले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची पुनर्रचना झाली, भोपाळ राजधानी ठरले आणि नागपूरच्या सचिवालयातील कारकून, अधिकारी, शिपाई आपापली बिऱ्हाडे घेऊन येथे आले. काही ग्वाल्हेर-इंदुराकडून आले. त्यांच्यासाठी तलावाच्या दक्षिणेस नवी वसाहत बसली आणि तिला तात्या टोप्यांचे नाव मिळाले. त्यामुळे भोपाळच्या इतिहासातील दोनच टोके आपल्या हाती आली. एक, शाळेच्या पुस्तकातील डिसेंबर १७३७ची लढाई : पहिल्या बाजीरावाने निजामाला येथे कोंडले आणि पुढच्या महिन्यात दोराहा सराईच्या तहाने माळवा पदरात पाडून घेतला. दुसरे टोक १९५६चे. मधला काळ आपल्या स्मरणात जवळजवळ कोरा आहे, आणि शहर तर त्या मधल्या काळातच घडले.

आपले काही माजी विद्यार्थी आज कॅलिफोर्नियात स्थायिक आहेत. ते तेथील गावांच्या वाढीची जी हकिगत सांगतात, ती साधारण एकाच साच्याची असते. १८४८मध्ये सोने सापडले आणि सान फ्रान्सिस्को हे हजारभर वस्तीचे बंदर पाहता पाहता शहर झाले. सांता बार्बरासारख्या किनाऱ्यावरील गावाला १८७२मध्ये लांब धक्का मिळाला, जहाजे थेट लागू लागली, १८८७मध्ये रेल्वे आली आणि गाव वाढले. सोने, बंदर, रेल्वे अशी ही चढती पायरी. भोपाळात सोने नव्हते, समुद्र शेकडो मैल दूर होता आणि रेल्वे शतकाची चार पंचमांश वर्षे उलटून गेल्यावर आली. तरीही शहर वाढले. तेव्हा येथे कारणे निराळी शोधावी लागतात.

प्रथम भूगोल. मोठा तलाव परंपरेने अकराव्या शतकातील राजा भोजाचा मानला जातो. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. भोजपूरच्या शिवमंदिराजवळ बेतवेच्या खोऱ्यात भोजानेच बांधलेला जो प्रचंड जलाशय होता, तो हा नव्हे. तो जलाशय पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने बांध फोडून रिता केला आणि त्याच्या तळाची सुपीक जमीन लागवडीखाली आली. शहराजवळचा तलाव मात्र शाबूत राहिला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गिन्नौरगडच्या राणी कमलापतीचा महाल याच तलावाच्या बांधावर होता. पुढे अफगाण सरदार दोस्त महंमद खान याने काठावरच फतेहगड किल्ला बांधला आणि त्याच्या लगत तटबंदीचे शहर वसवले. १७९४मध्ये नबाब हयात महंमद खान यांचे दिवाण छोटे खान यांनी आणखी एक पक्का बांध घालून धाकटा तलाव निर्माण केला. तो बांध ‘पुल पुख्ता’ या नावाने ओळखला जातो. म्हणजे गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर असे की, वरचे पाणी मोठ्या तलावाचे. त्याचा बांध हाच धाकट्या तलावाचा वरचा काठ.

तटाच्या आतील वस्तीला ‘शहर-ए-खास’ म्हणत. तिच्या वेशी आणि मोहल्ले आठवड्याच्या वारांवरून ओळखले जात : इतवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती. पुण्याच्या पेठांशी परिचय असलेल्या माणसाला हे ऐकताच घरी आल्यासारखे वाटते. दोन्हीकडे नावाच्या मागे एकच व्यवहार आहे, बाजाराचा वार. परंतु पुण्यात पेठा मोकळ्या वसत गेल्या आणि येथे सर्व काही तटाच्या आत. जागा मोजकी, गल्ल्या अरुंद, आणि पाणी आणायचे तर तलावावरून डोक्यावर, नाहीतर भिश्त्याच्या पखालीतून.

या तटाने १८१३च्या सुमारास शहराला वाचवले. ग्वाल्हेरचे शिंदे आणि नागपूरचे भोसले यांच्या संयुक्त फौजांनी भोपाळला वेढा घातला आणि तो सुमारे नऊ महिने चालला. आत वजीर महंमद खान होता. अन्नधान्याचे हाल झाले, तरी शहर पडले नाही. स्त्रियांनी तटावरून दगड आणि कौले फेकून हल्लेखोरांना परतवल्याच्या हकिगती जुन्या भोपाळात आजही सांगितल्या जातात. त्या ऐकताना आपल्या मंडळींनी थोडे अस्वस्थ व्हावे, हे योग्यच आहे. कारण ज्यांच्यावर ती कौले पडत होती, ते आपल्याच भाषेत आज्ञा देत होते. या वेढ्यानंतर राज्यकर्त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. शेजाऱ्यांपासून संरक्षण हवे असेल, तर दूरच्या बलाढ्य सत्तेशी करार करावा. १८१८मध्ये वजीर महंमदाचा मुलगा नजर महंमद खान याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. तटाची मूळ गरज त्या दिवशीच कमी झाली. शहर तटाबाहेर पडले ते मात्र पुढे वीसएक वर्षांनी.

नोव्हेंबर १८१९मध्ये नजर महंमद खानाचा इस्लामनगर येथे पिस्तुलाची गोळी लागून मृत्यू झाला. पिस्तूल त्याच्या लहानग्या मेहुण्याच्या हातून उडाले. मागे अठरा वर्षांची विधवा कुदसिया बेगम आणि तान्ही मुलगी सिकंदर. मुलीचा वारसाहक्क मान्य करवून घेऊन कुदसिया बेगमांनी कारभार हाती घेतला. त्यांच्यापासून १९२६पर्यंत, मधली सात वर्षे सोडली तर, भोपाळची गादी चार पिढ्या स्त्रियांच्याच हाती राहिली. एवढी गोष्ट सर्वांना ठाऊक असते, आणि बहुधा येथेच लोक थांबतात, जणू त्या स्त्रिया होत्या एवढेच त्यांचे कर्तृत्व. त्यांनी गावाचे काय केले, हे पाहणे अधिक उपयुक्त आहे.

कुदसिया बेगमांच्या दरबारात राजा खुशवक्त राय यांच्यासारखे हिंदू मुत्सद्दी होते, तसेच फ्रान्सच्या बूर्बाँ घराण्याशी नाते सांगणाऱ्या कुटुंबातील हकीम शहजाद मसीह हे ख्रिस्ती दिवाणही होते. गावाच्या मधोमध, चौकात, त्यांनी जामा मशिदीचे काम १८३२मध्ये सुरू करविले. ते १८५७मध्ये पुरे झाले. बाजाराचे रस्ते या चौकात येऊन मिळतात आणि जुन्या शहराचा नकाशा आजही त्या बिंदूभोवती फिरतो. परंतु मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते पाण्याचे. सत्ता सोडल्यावर त्या दीर्घकाळ जगल्या, १८८१मध्ये वारल्या. त्या काळात आपल्या खासगी उत्पन्नातून त्यांनी जलकल उभारविला. तलावाचे पाणी यंत्राने उपसून नळांवाटे शहरात आणले. या पाण्यासाठी रयतेकडून पैसा घ्यायचा नाही, अशी त्यांची आज्ञा होती आणि यंत्रणेच्या खर्चाची तरतूदही त्यांनीच करून ठेवली.

या एका गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. जेथे पाणी डोक्यावरून वाहावे लागते, तेथे वस्ती काठापासून दूर जाऊ शकत नाही. गेली तर फक्त भिश्ती ठेवू शकणाऱ्यांची जाते. नळ आला की काठापासूनचे अंतर हा अडथळा राहत नाही. पाणी फुकट मिळू लागले की गरिबालाही शहरात राहणे परवडते. तटबंद गाव आणि पसरते शहर यांमधील फरक एवढा साधा असू शकतो. मुंबईला १८६०मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळाले, हे आपण गौरवाने सांगतो. तेथे ते सरकारी योजनेतून आले. येथे ते एका वृद्ध विधवेच्या खासगी दौलतीतून आले.

तटाबाहेरची पहिली मोठी वस्ती जहांगिराबाद. ती कुदसिया बेगमांचे जावई नबाब जहांगीर महंमद खान यांनी धाकट्या तलावापलीकडे वसवली. त्यांचे राज्य १८३७ ते १८४४ असे अवघे सात वर्षांचे. घरातील कलह इतका विकोपाला गेला होता की त्यांची पत्नी सिकंदर बेगम आपल्या आईसह इस्लामनगरला जाऊन राहिली आणि तेथेच १८३८मध्ये मुलगी शाहजहाँ जन्मली. फौजेला व दरबारी मंडळींना जागा मिळावी म्हणून तलावापलीकडे वस्ती केली गेली. तरी तिच्यामुळे एक पायंडा पडला : नवा राज्यकर्ता म्हणजे नवे पूर, आणि प्रत्येक नवे पूर पाण्याच्या काठी.

सिकंदर बेगमांनी हा पायंडा पाळला नाही. त्या कारभाराच्या बाई होत्या. १८४४पासून मुलीच्या वतीने आणि १८६०पासून स्वतःच्या नावाने त्यांनी राज्य चालवले. महसुलाचे मक्ते बंद केले, जमिनीची पाहणी करविली, राज्याचे तीन जिल्हे पाडले, फारसीऐवजी उर्दू ही कारभाराची भाषा केली, शाळा काढल्या. मोती मशीद ही त्यांच्या काळातील देखणी इमारत. घोड्यावरून गावोगाव फिरून त्या तपासणी करीत. १८६३-६४मध्ये त्या हजला जाऊन आल्या. त्या प्रवासाचा त्यांनी लिहिलेला वृत्तान्त १८७०मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात मक्केच्या रस्त्यांवरील अस्वच्छतेविषयी जे नापसंतीचे शेरे आहेत, ते वाचताना आपल्या शहरातील रस्ते पाहणारी बाई ओळखू येते.

सत्तावन्नच्या उठावात सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूला राहिल्या. सिहोरच्या छावणीतील शिपायांनी ऑगस्ट १८५७मध्ये बंड करून स्वतःचे राज्य पुकारले होते. जानेवारी १८५८मध्ये सर ह्यू रोज सिहोरला आला आणि तेथे दीडशेच्या आसपास शिपायांना मृत्युदंड दिला गेला. बेगमांना बक्षीस म्हणून बेरसिया परगणा मिळाला. तो धारच्या पवारांकडून काढून घेतलेला होता. शहराला त्यानंतर जे स्थैर्य लाभले, ज्या शांततेत त्याचे रस्ते आणि महाल झाले, त्याचा हा दर होता. आपण राहतो त्या वसाहतीला तात्या टोप्यांचे नाव आहे. ज्या राज्याने त्यांच्या शत्रूला धान्य आणि फौज पुरवली, त्याच्याच राजधानीत ते नाव एका शतकाने लागले. यात विसंगती आहे असे म्हणून ती मिटवण्याची मला गरज वाटत नाही. दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत.

सत्तावन्ननंतर दिल्ली आणि लखनौ उद्ध्वस्त झाली आणि तेथील विद्वान, हकीम, खुशनवीस, कारागीर आश्रयाच्या शोधात निघाले. अनेकांची पावले भोपाळकडे वळली. दिवाण मुन्शी जमालुद्दीन खान हे स्वतः दिल्लीकडचे. १८६८मध्ये गादीवर आलेल्या शाहजहाँ बेगमांनी १८७१मध्ये कनौजच्या सिद्दिक हसन खान या विद्वानाशी पुनर्विवाह केला आणि शहर ग्रंथांचे केंद्र बनले. छापखाने चालू झाले, येमेनपर्यंतचे पंडित येथे येऊन राहिले, अरबी-फारसी-उर्दू ग्रंथ छापून दूरदूर पाठवले गेले. पुढे १८८५मध्ये इंग्रजांनी सिद्दिक हसन खानांच्या पदव्या काढून घेतल्या. त्यांच्या लेखनावर व कारभारातील हस्तक्षेपावर सरकारचा रोष झाला होता. परंतु लेखणीवर पोट भरणारी जी मंडळी तोवर या गावात रुजली होती, ती उठून गेली नाहीत. नागपूरच्या कारकुनांच्या आधी पाऊणशे वर्षे आलेले हे कारकून म्हणायला हरकत नाही.

त्याच दशकातील एक गंमत जाता जाता सांगतो. राज्याने स्वतःची टपालतिकिटे छापली आणि त्यांवर बेगमांचे नाव इंग्रजी लिपीत घातले. शिळेवर अक्षरे काढणाऱ्याला ती लिपी बहुधा नीट अवगत नव्हती. एकाच तावावरील तिकिटांत कोठे ‘नवाब’मधील अक्षर गळालेले, कोठे ‘बेगम’ उलटसुलट झालेले. संग्राहक आज त्या चुकांसाठीच ती तिकिटे जपतात.

शाहजहाँ बेगमांनी तटाच्या वायव्येस शाहजहानाबाद हे नवे पूर वसवले. दिल्लीच्या शाहजहानाबादेची आठवण या नावात उघड आहे. ताजमहाल नावाचा प्रशस्त राजवाडा १८७१ ते १८८४ या काळात बांधला गेला, शेजारी बेनजीर महाल झाला, आणि १८८७मध्ये ताज-उल-मसाजिद या भव्य मशिदीचे काम सुरू झाले. इमारतींचे वर्णन इतरत्र पुष्कळ आढळते. माझ्या मते त्या पुराची खरी रचना इमारतींत नसून त्यांच्यामधील तीन तलावांत आहे.

ईदगाह टेकडीचा उतार येथे येतो. या उतारावर एकाखाली एक असे तीन तलाव बांधले गेले. त्यांची नावे मुन्शी हुसेन खान तलाव, नवाब सिद्दिक हसन खान तलाव आणि मोतिया तलाव अशी आहेत. टेकडीवरून येणारे पावसाचे पाणी वरच्यात साठे. तो भरला की सांडवा मधल्यात, मधला भरला की खालच्यात. या रचनेने तीन कामे साधत. मुसळधार पावसाचा लोंढा वस्तीत न घुसता पायरीपायरीने अडे. गाळ वरच्या तळ्यात बसून खालचे पाणी निवळ राही. आणि जमिनीत मुरलेल्या पाण्याने आसपासच्या विहिरी, बावड्या उन्हाळ्यातही जिवंत राहत. शिवाय बेनजीर महालाला उन्हाळ्यात गार वारा मिळे, ही राजघराण्याची सोय. उन्हाळी वारा पाण्यावरून वाहत आला की महालाच्या कमानींतून गारवा आत शिरे. विजेच्या पंख्याआधीची ही विद्या आहे. नव्या वस्तीसाठी मोठ्या तलावावर भार न टाकता तिच्या स्वतःच्या पाण्याची सोय आधी करावी, हा विचार आजच्या नगररचनाकारांनाही पटावा. मात्र ही साखळी एकत्रच चालते. एका तलावात भराव पडला किंवा एक सांडवा बुजला की बाकी दोन्ही बिघडतात, आणि गेल्या काही दशकांत नेमके तेच घडत आले आहे.

रेल्वेची हकिगतही पैशाच्या अंगाने पाहण्यासारखी आहे. मुंबई-जबलपूर लोहमार्ग इटारसीवरून जात होता. भोपाळ त्यापासून ९२ किलोमीटर उत्तरेस, मध्ये नर्मदा आणि विंध्याचा घाट. हा फाटा व्हावा म्हणून राज्याच्या खजिन्यातून आणि कुदसिया बेगमांच्या खासगी संपत्तीतूनही लक्षावधी रुपये दिले गेले. १८८४मध्ये गाडी भोपाळला पोहोचली. कुदसिया बेगम तीन वर्षांपूर्वीच निवर्तल्या होत्या. १८८९पर्यंत हा मार्ग झाशी-ग्वाल्हेरकडे जोडला गेला आणि १८९६मध्ये उज्जैनचा मार्गही खुला झाला. तीन दिशांच्या गाड्या येथे मिळू लागताच माळव्याचा गहू, कापूस, अफू यांचा व्यापार स्थानकाभोवती एकवटला. स्थानक अर्थातच तटाबाहेर. तट आणि स्थानक यांमधील मोकळी जमीन धर्मशाळा, सराया, वखारी आणि मजुरांच्या वस्त्यांनी भरत गेली. शहराचा तोल तलावाकडून लोहमार्गाकडे कलू लागला तो येथे. विसाव्या शतकात वस्ती याच बाजूने उत्तरेकडे सरकली. कीटकनाशकांचा कारखानाही तिकडेच उभा राहिला. २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री विषारी वायू प्रथम ज्या वस्त्यांवर उतरला, त्यांत रेल्वेने जन्माला घातलेल्या याच गरीब वस्त्या होत्या.

आता आकड्यांकडे वळतो. शहराची लोकसंख्या १८८१मध्ये ५५,४०२ होती, १८९१मध्ये ७०,३३८ झाली आणि १९०१मध्ये सुमारे ७७ हजार. एवढेच पाहिले तर उत्कर्षाची सरळ चढती रेषा दिसते. परंतु याच खानेसुमाऱ्यांतील संपूर्ण राज्याचे आकडे शेजारी ठेवावेत. १८९१मध्ये भोपाळ संस्थानाची लोकसंख्या ९,५२,४८६ होती. १९०१मध्ये ती ६,६५,९६१ उरली. दहा वर्षांत दोन लाख शहाऐंशी हजार माणसे कमी झाली. दर दहांतील तीन.

या दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. दुसऱ्याला माळव्यात अजून ‘छप्पनिया’ म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६चा. दुष्काळामागून रोगराई आली. काही माणसे मेली, काही परागंदा झाली. गावेच्या गावे ओस पडली, शेते पडीक राहिली. अशा दशकात राजधानी मात्र सहा-सात हजारांनी वाढली. तेव्हा ही वाढ नुसत्या समृद्धीची म्हणता येत नाही. आसपासचा मुलूख सुकला, तेव्हा जेथे पाणी होते, धान्याची गाडी येत होती आणि इमारतींची कामे चालू असल्याने मजुरी मिळत होती, तेथे माणसे येऊन थडकली, असाच त्याचा अर्थ मला लागतो. कुदसिया बेगमांचा फुकटचा नळ आणि तिच्याच पैशाने आलेली आगगाडी, या दोन गोष्टी कोणा-कोणाच्या उपयोगी पडल्या असतील, याचा विचार केला म्हणजे शहराच्या वैभवाचे वर्णन करताना आवाज आपोआप खाली येतो. आणि उलट बाजूही आहे. ज्या राजवाड्यांनी ही मजुरी दिली, त्यांचा पैसा त्याच ओस पडलेल्या गावांच्या महसुलातून आला होता. शहराच्या भिंतींत गावांचा घाम किती आणि शहराने गावांना दिलेला आधार किती, याचा हिशेब दोन्ही रकाने भरूनच मांडावा लागेल.

शाहजहाँ बेगम जून १९०१मध्ये वारल्या. ताज-उल-मसाजिद तेव्हा अर्धीच झाली होती. पैसा अपुरा पडला आणि नंतरच्या राज्यकर्त्यांच्या काळातही ते काम पुरे झाले नाही. अपुऱ्या मिनारांची ती इमारत मोतिया तलावाच्या काठी सत्तर वर्षे तशीच उभी राहिली. १९७१मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि १९८५मध्ये संपले. ताजमहाल राजवाड्याला आणखी वेगळे दिवस पाहावे लागले. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना प्रथम त्याच दालनांत आसरा देण्यात आला, आणि नंतर त्यांची वसाहत बैरागढला झाली. तटाचा बराचसा भाग पाडला गेला. इतवारा, बुधवारा, जुमेराती ही नावे मात्र राहिली; बसच्या पाट्यांवर ती वाचताना वेस कोठे होती, हे कोणी विचारीत नाही.

१९५६ साली नागपूरकर मंडळी येथे उतरली तेव्हा कोलार धरण नव्हते, नर्मदेचे पाणी शहरात यायला अजून अर्धे शतक अवकाश होता, आणि मोठ्या तलावाची साठवण वाढवणारी भदभद्याची दारे १९६५मध्ये व्हायची होती. नव्या घरांत सामान अजून बांधलेलेच असताना आमच्या आयांनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पहिली घागर भरली, ती कमला पार्कच्या बांधाने अडवलेल्या त्याच तलावाच्या पाण्याने.